अर्धं राहिलेलं वाक्य

शिंपीणकाकू चौथ्यांदा त्या समुपदेशक मॅडमसमोर बसल्या होत्या आणि चौथ्यांदा त्यांच्या तोंडचा शब्द पळवला जात होता. लेकीनं हट्टानं पाठवलेलं. "बाबा गेल्यापासून तू मशीनला हात लावला नाहीस. मन मोकळं कर जरा." आता मोकळं करायचं तर समोरच्यानं बोलू तरी द्यायला नको का?

"हे गेले तेव्हा मला..."

"एकटं वाटलं," मॅडम मान डोलावत म्हणाल्या आणि पेनाचं बटण टकटक वाजवलं.

"नाही हो. मी त्यांना..."

"माफ करू शकत नाही. राग येतो त्यांचा."

अगं बाई, कुणाचा राग? काकूंचं डोकंच फिरलं. "रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! मॅडम, मला एक वाक्य तरी पुरं करू द्या हो!"

मॅडमचा चेहरा उतरला. पेन मुकाट्यानं खणात गेलं. पण आता काकूंना आपलेच शब्द टोचले. हेच वाक्य त्यांच्या नवऱ्यानं छत्तीस वर्षांत कधीतरी म्हणायला हवं होतं. एकदाही म्हणाला नाही बिचारा.

काकांची जीभ अडखळायची. दुकानात माप घेताना "अ... अ..." झालं, की काकू काउंटरवरून "अडतीस!" म्हणत वहीत लिहून मोकळ्या. चुकायच्या नाहीत कधी. गिऱ्हाइकं म्हणायची, "काका बोलतात ते काकूंच्या तोंडानं." काकूंना केवढा अभिमान! काका टेप गळ्यात टाकून नुसते हसायचे.

"दवाखान्यात शेवटच्या दुपारी त्यांनी माझा हात धरला," काकू म्हणाल्या. "म्हणाले, 'तू... तू मला...' मी लगेच, 'पाणी हवंय ना?' भांडं तोंडाला लावलं. प्यायले दोन घोट. तहान नव्हती हो, दिसत होतं मला. मग डोळे मिटले ते मिटलेच."

मॅडमनी पेनाचा खण हलकेच बंद केला.

"रोज मशीनसमोर बसते आणि तेच आठवतं. दोन मिनिटं थांबले असते तर काय बिघडलं असतं माझं? जीव तुटतो नुसता. इतकी वर्षं त्यांचं एकूण एक वाक्य मी पुरं केलं, आणि हे एक काही केल्या..."

मॅडमनी तोंड उघडलं आणि शहाण्यासारखं मिटलं. काकू त्यांच्या ओठांकडे बघत राहिल्या. आज पहिल्यांदाच त्यांना वाटत होतं, हिनं मध्ये बोलावं आणि ते वाक्य पुरं करून टाकावं.