विमानाआधीचा ढावलो

शितलनं तांड्यातून सरळ चालणं सोडलं होतं, आणि जिवनबाईचा सगळा राग त्या आडवाटेवर होता. दुकानाला जायचं तर नात हळदीच्या रानातून, बांधाबांधानं, चिखल तुडवत जाई. समोरून कुणी आलं की ओढणी तोंडावर. चोरी केल्यासारखी. जिवनबाईच्या घरातली माणसं भांडून चालली होती, पिऊनही चालली होती, पण मान खाली घालून कुणी चाललं नव्हतं.

झालं होतं ते असं. शितल विद्यापीठात पीएचडी करत होती. विषय दूरदेशीचा : इथिओपियात उंटांवर मीठ लादून वाळवंट पार करणारी माणसं. आपले बंजारा वाडवडील बैलांवर मीठ वाहायचे, म्हणून तिला त्या लोकांची ओढ. त्यांच्यात जाऊन राहायचं तर पैसा हवा, आणि परदेशातल्या विषयावर काम करणाऱ्या पोरांना तो देणारी एक संस्था दिल्लीत होती. शितलनं अर्ज केला. उन्हाळ्यात फोनवर अभिनंदन आलं. ते मुलाखतीला बोलावल्याचं होतं, निवडीचं नव्हतं. पण तिचा बाप प्रेमदास तेवढा एक शब्द वाचून थेट डोंगरकडा गावच्या बाजारातून बोकड घेऊनच आला. पोरगी सांगत राहिली, अजून काही ठरलं नाही. बापाला वाटलं, लाजून राहिली.

तांडा जेवला. जेवणं उरकल्यावर बायांनी शितलला मधे घेतलं. लेक सासरी निघते तेव्हा तिच्या गळ्यात पडून ढावलो गातात. गाणं कुठं संपतं आणि रडणं कुठं सुरू होतं ते गाणारीलाही कळत नाही. तो ढावलो नवरीचाच. पण लेकीला लांब धाडायची दुसरी रीत तांड्याकडं होतीच कुठं? विमानानं जाणारीला कसं वाटं लावायचं, हे कोण शिकवणार? चंदाबाईनं सूर धरला, मागून सगळ्या. जिवनबाईचेही डोळे भरले, आणि ती सहसा रडणारी बाई नव्हे.

मग मुलाखत झाली आणि पैसा काही आला नाही. तिथली भाषा येत नाही, तिथल्या विद्यापीठातलं कुणी पाठीशी नाही, तेवढी तयारी करून पुढल्या साली पुन्हा अर्ज करा, असं संस्थेनं कळवलं. शितलच्या मॅडम म्हणाल्या, पहिल्या खेपेला क्वचितच कुणाला मिळतो, आपण पुन्हा लिहू. तांड्याला मात्र एवढंच दिसलं की रडूनभेकून वाटं लावलेली लेक चुलीपुढं बसून भाकरी थापते आहे. अशी लेक घरात राहणं बरं नसतं, असं कुणीतरी बोललं. मग सगळेच बोलू लागले.

एका दुपारी तांड्याचा नायक हिरासिंग ओट्यावर येऊन बसला. शिरड शहापूरकडचं स्थळ होतं, मुलगा एसटीत कंडक्टर.

"काकी, ढावलो तर होऊनच गेला," तो हसत म्हणाला. "आता नवराच तेवढा आणायचा राहिला."

"जेवताना न्हाई विचारलं नायक, कशाचं जेवण हाय म्हणून," जिवनबाई म्हणाली.

हिरासिंग ओशाळला, पण उठला नाही. प्रेमदास जमिनीकडं बघत होता. आणि आतून, परातीवरून मान न उचलता, शितल बोलली.

"होऊन जाऊ द्या."

प्रेमदासनं सुटल्यासारखा श्वास सोडला. जिवनबाईलाही क्षणभर सुटल्यासारखंच वाटलं. गुडघे दुखत होते. महिनाभर बायांची तोंडं बंद करून जीभ थकली होती. हो म्हटलं असतं तर सगळंच मिटलं असतं. मांडव पडला असता, तांडा गप झाला असता, तिला दुपारची झोप लागली असती. चांगल्या घरचं स्थळ होतं, नाही म्हणायला कारणही नव्हतं.

तिनं आत पाहून एवढंच विचारलं, की मॅडमला काय सांगितलंस?

शितलनं पिठात पाणी घातलं. मग म्हणाली, त्यांचा फोन येतो रोज, ती उचलत नाही.

जिवनबाईनं नायकाला चहा पाजला, पोरांची चौकशी केली, आणि मी सांगेपर्यंत पाव्हण्यांना आणू नका म्हणून वाटं लावलं. प्रेमदास काही बोलायला गेला. तिनं हातानंच त्याला बसवलं. मग भिंतीला धरत आत गेली, नातीसमोर खाली बसली. बसायलाही तिला वेळ लागला.

"लग्नाला मी आडवी येत न्हाई," ती म्हणाली. "पोरगं चांगलं असंल. पण तू नवरा करून न्हाई राहिली, तोंड लपवाया आडोसा पाहून राहिली. त्यांनी पैसा दिला न्हाई, त्याची मला लाज न्हाई. तुझ्या बापाच्या बोकडाचीबी न्हाई. त्या बाईचा फोन वाजतो आन् तू उचलत न्हाईस, त्याची हाय. हुशार असशील तू, मला त्यातलं कळत न्हाई. पण भित्री हायस, शितल. ते मला बराबर कळतं."