पाहुण्यांचं पाणी

मी तांब्या बोलतोय. सांगणार आहे त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. भरल्या तांब्यावर हात ठेवून माणसं शपथ घेतात. मी तर स्वतःच तांब्या, तेव्हा माझी शपथ झालीच असं धरा. माझा जन्म पेणच्या तांबट आळीतला. म्हणजे विकला गेलो पेणला. जन्म पुण्याचा असावा. आणि हो, मी पितळेचा आहे. नाव तांब्या, जात पितळेची. ज्याच्या नावातच थाप आहे त्याच्या शपथेचं काय करायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

घडताना मला इतके ठोके बसले की पुढं कशाचं काही वाटेनासं झालं. गार पाणी भरा, कढत भरा, मला सारखंच. तेव्हा मी सांगतोय ते बघितलेलं आहे. जाणवलेलं नाही.

पन्नास सालानंतर कधीतरी खालापूर तालुक्यातल्या एका भातशेतीच्या गावात गोदू नावाची मुलगी सून म्हणून आली. तिच्या मामानं मला आहेरात दिलं. माझ्या गळ्याशी मामाचं नाव, गाव, तारीख, सगळं ठोकून घातलंय. गोदूचं नाव नाही. आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं, घासणारीचं नसतं.

काम एकच. दारात माणूस आला की आधी मी पुढं जायचं. आमच्या गावात आल्या माणसाला काम विचारण्याआधी पाणी विचारतात. वसुलीला तलाठी येवो की सोयरीक मोडायला व्याही, आधी पाणी, मग भांडण. माणसं कशी पितात ते मी फार पाहिलं. वरून घटाघटा ओतणारे, निम्मं छातीवर सांडणारे, तहान नसताना मान राखायला एक घोट घेणारे. पाणी नको म्हणणारा मात्र मी पाहिला नाही. तसं म्हणणं म्हणजे उंबऱ्यावर थुंकल्यासारखं.

पाणी नदीचं. नदीचं नाव मी घेणार नाही. बदनाम झालेल्या लेकीचं नाव चारचौघांत घेऊ नये. तेव्हा ती बदनाम नव्हती. वाळूत हातभर खळगा करायचा, पाणी पाझरून निवळलं की वाटीनं माझ्यात भरायचं, झालं.

साठ सालानंतर वरच्या अंगाला कारखाना आला. गावानं आनंदानं नारळ फोडला. त्या पूजेत कलश म्हणून मीच होतो, तोंडात आंब्याचा डहाळा घेऊन. गोदूचा नवरा बुधाजी तिथं पहारेकरी लागला. त्याला खाकी कपडे मिळाले, टोपी मिळाली, शिट्टी मिळाली. पुढं कारखान्याच्या मागून एक नळ नदीत उतरला. तो उतरताना कुणी नारळ फोडला नाही.

मासे पोटं वर करून तरंगायला लागले. पाण्याला कधी तांबूस, कधी निळसर रंग यायचा. रात्री माझ्यात पाणी भरून ठेवलं की सकाळी मी आतून काळा. वर्षभर टिकणारी कल्हई महिन्यात उडायला लागली. कल्हईवाला खूश. त्या सगळ्यात एकट्या त्याचंच भलं झालं.

टेकडीपल्याडच्या गावात गोडी विहीर होती. तिथल्या बायकांची बोलणी खाऊन एखादा हंडा आणता यायचा. तो हंडा पाहुण्यांसाठी. घरचे नदीचंच प्यायचे, फडक्यातून गाळून. धुणं, भांडी, गुरं, भात, सगळं नदीवर.

गोदूची गोदूबाई झाली तोवर तिची बोटं गेली. होती जागच्या जागी. त्यांना कळणं बंद झालं. लावणीला वाकून रोप चिखलात खोचायचं तर बोटाला मूळ कळायला लागतं. ही खोचत पुढं जायची आणि मागं रोपं पाण्यावर तरंगायची. बायका आधी हसल्या. मग शेजारच्या मोतीबाईचीही बोटं तशीच झाली, तेव्हा हसणं थांबलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं. गोदूबाईला तेव्हा चाळिशीही लागली नव्हती. पुढच्या वर्षी तिला कुणी लावणीला बोलावलं नाही. शेत स्वतःचं असूनही ती बांधावर बसून दुसऱ्यांची लावणी बघायची.

मला वाईट वाटलं असं म्हणणार होतो. नाही वाटलं. एवढंच झालं, की तिनं मला उचललं तेव्हा आम्हा दोघांनाही एकमेकांचा स्पर्श कळला नाही.

कर्जतला चारुलताबाई राहायच्या. वकिलाच्या घरातल्या, शाळेत शिकवायच्या. दर वर्षी नवे पोहे घेऊन गोदूबाई त्यांच्याकडं जायची. एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात स्टोव्हवर चहा उकळून वर आला. गोदूबाईनं पुढं होऊन ते पातेलं नुसत्या हातांनी उचललं आणि कुठं ठेवू म्हणून विचारत उभी राहिली. हे मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे मी घरी फळीवर होतो, पण मोतीबाईनं असं रंगवून सांगितलं की पाहिल्यातच जमा.

‘अगं ठेव, ठेव खाली! हात भाजतोय!’ चारुलताबाई ओरडल्या.

‘कुनाचा?’ गोदूबाईनं विचारलं.

इथून सगळं सुरू झालं. चारुलताबाई गावात आल्या, नदीकाठानं नळापर्यंत चालत गेल्या, बायकांचे हात हातात घेऊन बघितले. मग अर्ज झाले. खालच्या कचेऱ्यांतून अर्ज वर जायचे आणि योग्य त्या कार्यवाहीसाठी पुन्हा खाली यायचे. शेवटी बाई म्हणाल्या, कारखान्याला परवाना राज्यानं दिला, तर नळ बंद करा हेही राज्यालाच सांगायला हवं. मुंबईला जायचं.

गोदूबाईच्या ओटीवर काठच्या गावांतल्या बायका जमायला लागल्या. त्यांना कचेरीत बोलायची सवय नव्हती, म्हणून तालीम व्हायची. मोतीबाई साहेब व्हायची. बुधाजीची कारखान्याची टोपी डोक्यावर चढवून, पाय हलवत, कुणी तोंड उघडायच्या आधीच ‘पुढल्या आठवड्यात या’ म्हणायची. बायका हसून लोळायच्या. बुधाजी अंगणात बसून ऐकायचा.

‘माझ्या नोकरीवर उठलीस गं तू,’ तो एकदा म्हणाला.

‘तुमच्या नोकरीवर नाय. तुमच्या नळावर,’ गोदूबाई म्हणाली.

त्या दिवसापासून बुधाजी टोपी उशाखाली घेऊन झोपायचा.

मुंबईला मीही गेलो, नदीच्या पाण्यानं भरून, तोंडाला फडकं बांधून. एका मोठ्या सरकारी इमारतीत आम्हाला मजल्यामजल्यांवर फिरवलं. एक साहेब म्हणाले, पाणी आमच्याकडं, पण पाण्यात काय आहे ते आमच्याकडं नाही. दुसरे म्हणाले, पाण्यातलं आमच्याकडं, पण ते माणसाच्या अंगात शिरलं की आरोग्याकडं. तिसऱ्यांनी गोदूबाईचे हात बघितले आणि बसा म्हणाले. बसायला काही नव्हतं. संध्याकाळी एका शिपायानं मला कोपऱ्यातल्या कुंडीत रिकामं केलं. ते झाड तिसऱ्या दिवशी वाळलं. मी बघायला थांबलो नाही, पण वाळलंच असणार.

अशा खेपा वर्षानुवर्षं झाल्या. चारुलताबाईंचे केस पिकले. कुठल्या खात्याचा माणूस कधी जागेवर सापडतो, कुठला आमदार काठच्या मतांना भितो, हे बायकांना तोंडपाठ झालं. एका आमदारामार्फत त्यांचं म्हणणं सभागृहापर्यंत गेलं. आणि ऐंशी सालाच्या सुमारास निरोप आला, की विधिमंडळाची एक समिती स्वतः येऊन पाणी पाहणार. समितीनं पाणी वाईट आहे असं लिहिलं, तर नळ बंद होणार होता.

चारुलताबाईंनी आदल्या दिवशी सगळं नीट समजावलं. कारखानेवाले हुशार आहेत. त्या दिवशी नळ बंद ठेवून काठ धुऊन घेतील. तेव्हा नळ चालू असतानाचं पाणी आजच भरून ठेवायचं. साहेब आले की गोदूबाईनं तेच तांब्यात घेऊन पुढं ठेवायचं. बोलायचं काही नाही. तांब्या तोंडाशी गेला की वासानंच त्यांना कळेल. गोदूबाई हो म्हणाली. तिनं स्वतः नळाखाली जाऊन मला भरून आणलं.

सकाळी ओटी सारवून झाली, रांगोळी झाली. गोदूबाई मला घेऊन बसली. मी काळा पडलो होतो आणि माझ्या तोंडावर तेलकट तवंग आला होता. ती बराच वेळ माझ्यात बघत राहिली. मग उठली, मला परसात ओतलं, राखेनं आणि चिंचेनं आतबाहेर घासलं आणि हंडा डोक्यावर घेतला.

‘बाईंनी नदीचंच द्यायला सांगितलंय ना गं?’ मोतीबाई दारातून म्हणाली.

‘सांगितलंय.’

‘मंग कुठं चाललीस?’

‘पल्याडच्या इहिरीवर. मोते, लोकं मुंबईवरनं आपल्या दारात यायचीत. पावन्याच्या हातात त्ये देऊ?’

मोतीबाईनं जरा विचार केला, आणि आपलाही हंडा घेतला. बुधाजीनं टोपी काढून ठेवली आणि न सांगता अंगणात शिंपण घातलं. बायका टेकडी चढून गेल्या, बोलणी खाल्ली, पाणी आणलं. गोदूबाईनं त्यात वाळा टाकला. हे चारुलताबाईंना सांगावं असं कुणाला सुचलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय, पाहुणे यायचे म्हणजे असंच करतात.

जीपगाड्या आल्या. आधी नदी पाहणं झालं. नळ कोरडा होता, काठ झाडून काढलेला, पाणी बऱ्यापैकी नितळ. चारुलताबाई शांत होत्या. त्यांची भिस्त माझ्यावर होती. सगळे ओटीवर आले, सतरंजीवर टेकले. गोदूबाई डोक्यावरचा पदर सारखा करत आली आणि तिनं दोन्ही तळव्यांत धरून मला समितीच्या अध्यक्षांपुढं केलं.

अध्यक्ष वयस्क, उन्हानं दमलेले. त्यांनी मला वर धरलं आणि निम्मं रिकामं केलं.

‘वा,’ ते म्हणाले. ‘गोड पाणी आहे हो तुमच्या गावचं.’

सोबत आलेला कारखान्याचा अधिकारी हळूच म्हणाला, ‘आम्ही तरी दुसरं काय म्हणतोय, साहेब?’

कोपऱ्यातल्या चिटणिसानं मान खाली घालून लिहायला सुरुवात केली.

चारुलताबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी लख्ख होतो. त्यांना सगळं कळलं. त्या जागेवरून उठल्या आणि म्हणाल्या, ‘गोदूबाई, हे पाणी कुठलं, सांग साहेबांना.’

ओटी गप्प झाली. गोदूबाईनं डोक्यावरचा पदर कमरेला खोचला. ‘पल्याडच्या गावचं,’ ती म्हणाली. ‘तुमी पावनं, म्हनून आनलं. आमी पितो त्ये वेगळं हाय.’ तिनं मला उचललं, परसात गेली. आदल्या दिवसाचं धुण्याला भरून ठेवलेलं नदीचं पाणी घंगाळात होतं, ते भरून आणलं आणि अध्यक्षांच्या हातात दिलं. मग आपले हात उलटे-सुलटे करून त्यांच्यासमोर धरले. अध्यक्षांनी मला नाकाशी नेलं आणि खाली ठेवलं. चिटणिसानं लिहिलेलं खोडलं. पावसाळ्याच्या आत नळ बंद झाला. मासे आले. पुढच्या वर्षी गोदूबाई सगळ्यांच्या पुढं लावणीला उतरली, आणि तिच्या मागं एकही रोप तरंगलं नाही.

आता मी परसदारी न्हाणीच्या भिंतीवर असतो. पाहुण्यांना स्टीलच्या पेल्यातून पाणी देतात. मला रानात जाताना घेऊन जातात. कशाला ते तुम्हाला ठाऊक आहे. काठ वाकला, बुडाला पोचे पडले. कल्हईवाला येत नाही. मला त्याचं काही वाटत नाही. तुमच्याकडं मागणं एवढंच, की कुणाच्या ओटीवर पाणी प्यायलात आणि गोड लागलं, तर ते कुठून आणलं एवढं विचारा. आपण होऊन कुणी सांगणार नाही.

हे मी म्हणतोय, कारण त्या दिवशी कुणीच विचारलं नाही.

शपथ घेतली होती, तेव्हा सांगून टाकतो. चिटणीस लिहायला लागला इथपर्यंतचं खरं आहे. मुंबईच्या कुंडीची हमी देत नाही, पण बाकीचं खरं. चारुलताबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांना कळलं, हेही खरं. पण त्या उठल्या नाहीत. त्यांनी विचारलं असतं तर पाहुण्यांसमोर गोदूबाई खोटी पडली असती, आणि बाईही शेवटी याच मुलखातल्या. तिथून पुढचं सगळं, ते उठणं, ते घंगाळ, ते खोडणं, मासे, लावणी, मी भिंतीवर बसल्या बसल्या जुळवलेलं आहे. ती लावणी मी इतक्यांदा जुळवली, की आता तिच्यात रोपांचा रंगसुद्धा दिसतो.

नळ चालू आहे. गोदूबाई बांधावर बसते.

त्या दिवशी झालं ते एवढंच. ओटी खरोखरच गप्प झाली. चिटणिसाची लेखणी चालत होती. काय चुकलं ते गोदूबाईला तेव्हा समजलं. तिचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला. तिनं चारुलताबाईंकडं बघितलं, मग अध्यक्षांकडं. मी निम्मा रिकामा होतो, आणि त्यांची तहान अजून भागलेली दिसत नव्हती.

‘अजून घ्या, साहेब,’ ती म्हणाली, आणि तिनं मला त्यांच्या ओंजळीवर वाकवलं.