मावशीचा तिसरा कान

मित्रांनो, मी एक जुनी रबरी नळी आहे. हसू नका हं! मूळची हातभर लांब, अंगठ्याएवढी जाड, आणि एका टोकाला दातांच्या खुणा. उंदराच्या नाहीत काही. मावशीच्या आहेत. दोन्ही हात अडकले की ती मला सरळ दातात धरते.

थांबा, पहिल्यापासून सांगते. माझा जन्म कारखान्यातला. आत रबर, मध्ये दोऱ्याचं घट्ट विणकाम, वर पुन्हा रबर. तेल सोसायचं, वाफ सोसायची, इंजिनाची गर्मी सोसायची, त्यासाठीच आम्हाला बनवलेलं. माझं भलंमोठं वेटोळं मावशीच्या गॅरेजमध्ये आलं. बाकीच्या बहिणी मापाने कापल्या गेल्या आणि एकेका गाडीत बसून भुर्रकन निघून गेल्या. शेवटी मी उरले. हातभर तुकडा, कुणाच्याच मापाचा नाही. मावशीने मला गॅरेजच्या खिळ्याला टांगलं. वाटलं, झालं, संपलं आपलं.

पण आमची मावशी! तिला सगळा गाव मावशीच म्हणतो, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. एक दिवस तिने मला खिळ्यावरून काढलं, एक टोक स्वतःच्या कानाला लावलं आणि दुसरं चालू इंजिनाजवळ फिरवायला लागली. मित्रांनो, उघड्या कानाला इंजिन म्हणजे भरलेला बाजार. सगळे एकदम ओरडतात. माझ्यातून मात्र एका वेळी एकाचंच बोलणं ऐकू येतं. कुठे खडखड, कुठे टकटक, कुठे बारीक फुस्स. मी म्हणजे तिचा तिसरा कानच झाले!

आणि तिचा नियम काय होता माहितीये? भिंतीवर तिने स्वतः रंगवलं होतं, 'आधी ऐकू, मग खोलू'. मी कानाला लागले की गॅरेजमध्ये सगळं बंद. रेडिओ बंद, हातोडी बंद, गप्पा बंद. एकदा एका गिऱ्हाइकाने शिंक दाबली, तर बिचाऱ्याला तासभर उचकी लागली. पण फुसफुसणारी जागा मी शोधून दिली म्हणजे दिलीच.

मग मावशीचा भाचा शिकून आला, आणि येताना मशीन घेऊन आला. गाडीला वायर जोडायची की पडद्यावर अक्षरं उमटतात. माणूस हुशार हो, खोटं कशाला बोलू? पण मावशीचे गुडघे दुखायला लागले होते, वाकायचं काम त्याच्याकडे गेलं आणि माझी रवानगी कुठे झाली, सांगू? बाथरूमच्या दाराच्या फटीत. दार आपटू नये म्हणून! चार वर्षं मी दार अडवलं, मित्रांनो. चार वर्षं.

आणि मग ती गाडी आली. आली कसली, दोरी बांधून ओढत आणली. निळी, जुनी, पण आरशासारखी लख्ख. मालक होते पॉलिशवाले काका. जन्मभर लोकांची टेबलं-कपाटं चमकवलेला माणूस. सोबत त्यांची लेक, आणि मागोमाग भंगारवाल्याचा ट्रक. हो, ट्रकच! फाटकाबाहेर उभा.

"तीन गॅरेज झाली, मावशी," लेक म्हणाली. "पेट्रोलचा पंप बदलला, प्लग बदलले. किल्ली फिरवली की सुरू होते आणि दोन सेकंदांत मान टाकते. बाबांना म्हटलं, हे शेवटचं. बारापर्यंत नाही झाली, तर ट्रकवर चढवायची."

काकांनी पुढचं दार उघडलं आणि मावशीला आतली सीट दाखवली. लाकडी फिरतं बूड होतं तिला, गुळगुळीत पॉलिश केलेलं. दाराकडे वळायचं, मग माणसाला घेऊन आत वळायचं.

"हिच्यासाठी केलं," काका म्हणाले. हिच्यासाठी म्हणजे काकूंसाठी. "पाय वाकत नाहीत ना तिचे. दुसऱ्या कुठल्या गाडीत तिला बसताच येत नाही. तीन आठवडे झाले, खिडकीपाशी बसून आहे."

"नव्या गाडीत बसवू की तसली सीट," लेक म्हणाली, पण आवाज जरा पडलाच तिचा.

"ह्या वयात पुन्हा रंधा मारू होय? हात बघ माझे."

त्यांनी वाकडी झालेली बोटं पुढे केली.

भाच्याने मशीन जोडलं. "मावशी, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ म्हणतंय. पेट्रोल कमी पडतंय."

"नवा पंप घातलाय ना? मग कमी कसं पडेल?" मावशीने कपाळ खाजवलं. "अरे, चहा पातळ कधी होतो? पत्ती कमी पडली तर. नाहीतर पाणी जास्त झालं तर! पेट्रोल कमी आहे, की हवा जास्त शिरतेय?"

भाच्याने पडदा वरखाली करून पाहिला. मग म्हणाला, "मशीन तेवढं नाही सांगत."

"ठीक आहे. त्याने गल्लीकडे बोट दाखवलं, घर आपण शोधू. बस आत. किल्ली मार आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय अलगद दाबून ठेव."

गाडी सुरू झाली. पाय दाबलेला असेपर्यंत थरथरत का होईना, जगली! पाय काढला, मेली. पुन्हा पाय दिला, जगली. मावशीचे डोळे असे चमकले म्हणून सांगू! "कुठूनतरी चोरून हवा पितेय ही. पाय दिला की पेट्रोल वाढतं, म्हणून तग धरते. माझी नळी कुठाय?"

"कुठली नळी?" भाचा म्हणाला, आणि मग त्याला आठवलं. चेहरा असा उतरला त्याचा! पळत बाथरूमपाशी गेला. मला ओढलं. दार धाडकन आपटलं, आणि मित्रांनो, इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

मावशीने वेणी शर्टात खोचली, इंजिनाच्या पंख्यात अडकायला नको म्हणून. मला पुसलं. भाच्याने पुन्हा आत बसून किल्ली मारली आणि पाय दाबून धरला. "चूप सगळे!" भंगारवाल्याने बाहेर ट्रकचं इंजिनसुद्धा बंद केलं.

मी फिरायला लागले. इथे टकटक, बरोबर आहे. इथे घरघर, ठीक. सगळ्या नळ्या वरून नव्यासारख्या चकचकीत. मग मी एका जाड नळीच्या वर आले, काही नाही. मावशी कण्हली, गुडघा टेकला, मला नळीच्या खाली वळवलं. फुस्स्स्स! अहो, बारीक, सापासारखं फुस्स! तिच्या पोटाला लांबच लांब चीर होती. आणि ती नळी कोण? माझीच बहीण हो. त्याच वेटोळ्यातली, इंजिनाची वाफ परत आत ओढायला बसवलेली.

मावशीने ओला फडका गुंडाळून चीर आवळून धरली. "पाय काढ!"

भाच्याने पाय काढला. गाडी चालूच! एक, दोन, पाच, दहा सेकंद... फडका सोडला, मेली. धरला, जगली. लेकीने तोंडावर हात ठेवला.

"काका," मावशीने विचारलं, "ही नळी कशाने पुसता?"

काका जरा ऐटीतच म्हणाले, "माझ्या लाकडाच्या पॉलिशने! दर रविवारी. माझ्या हातची नळी बघा कशी झळकतेय!"

"झळकतेय वरून. तुमचं पॉलिश ओघळून खाली साठलं आणि रबर खाऊन गेलं. लाकडाला जे अमृत, ते रबराला विष, काका."

काका खालीच बसले. "म्हणजे मीच...?"

"प्रेमानेच केलंत ना," मावशी म्हणाली. "फक्त त्या नळीला विचारलं नाहीत, काय आवडतं ते."

साडेअकरा झाले होते. ह्या मापाची नळी आज मिळणं शक्य नाही, भाचा म्हणाला. मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. "हिचं माप तेच आहे," ती हळूच म्हणाली, "आणि ही बनलीच ह्या कामासाठी."

खसकन वीतभर कापलं मला. दुखलं का? छे हो! एवढी वर्षं मी त्याच हाकेची वाट बघत होते.

बाराला दहा कमी असताना गाडी सुरू झाली आणि सुरूच राहिली. भंगारवाला हसून निघून गेला. काका घरी गेले आणि तासाभराने परत आले, शेजारच्या सीटवर काकू! काकूंनी दार उघडलं, सीट फिरवली, मावशीला म्हणाल्या, "ह्यांची पॉलिशची बाटली मी कुलपात ठेवलीय बघा." काका ओशाळून हसले.

आता मी दोन ठिकाणी राहते, मित्रांनो. वीतभर मी काकूंना घेऊन रोज हिंडते. उरलेली इथे खिळ्यावर आहे, आणि मला कानाला लावायचा पहिला मान आता भाच्याचा असतो. मशीन बोट दाखवतं, आम्ही घर शोधतो.

एवढंच मागणं आहे तुमच्याकडे. कुणावर माया करायची असेल, तर आधी त्याच्याजवळ कान न्या. वरची चमक बघून परत फिरू नका. गुडघा दुखला तरी वाका, आणि खालून ऐका.