दर्याला कान असतात

हे नॉर्वेहून शिकून आले आणि मच्छीमार सोसायटीच्या लाँचींवर देखरेखीला लागले, तेव्हा बाळ चार महिन्यांचं होतं. मुंबईच्या प्रशिक्षणवर्गात साहेबाने हुकूम द्यायला शिकवलं होतं, नॉर्वेत विचारायला. तिथे म्हणे इंजिनाला तेल घालणारासुद्धा लाँच चालवणाऱ्या तांडेलाला सगळ्यांसमोर विचारतो, कुठे जायचं, कधी परतायचं. काठावर कुणाला तरी ते ठाऊक असलंच पाहिजे.

आमच्या मालवणात दर्यावर निघालेल्याला हे कुणी विचारत नाही. विचारलं की माणूस परतत नाही, एवढंच लहानपणापासून ऐकलेलं.

ह्यांनी विचारलं. तेही माझ्या बाबांना, भिकाजी तांडेलांना, लाँच सुटताना.

"आज खंय जातास?"

काठावरच्यांच्या माना वळल्या. बाबा हसले, पण डोळे हसत नव्हते. "जावयबापू, तुझ्या नॉर्वेच्या दर्याक कान नसतले. आमच्याक आसत."

उत्तर न देताच गेले.

दुपारनंतर वारा फिरला. बाकीच्या होड्या एकेक करून आल्या. बाबांची लाँच नाही. वाळूवर माणसं जमली, ह्यांच्याकडे बघायला लागली. कुणीतरी मागून म्हणालं, "गुरुदासाक आता नॉर्वेकच धाडा." कुणी हसलं नाही. माझी आई राधाबाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तुझ्या घोवान तोंड उघडल्यान गो." ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

दुसरी लाँच एकच होती. उत्तरेला आचऱ्याकडे शोधायचं की दक्षिणेला निवतीकडे, कुणालाच माहीत नव्हतं. ह्यांनी इंजिन सुरू करवलं आणि स्वतः चढले. मग सोडलेला दोर हातात धरून माझ्याकडे वळले.

"माका इचार."

मला कळलं. बाळाला इतकं आवळलं की ते कुरकुरलं. बाबा गेलेच असतील, आणि आता माझ्याच तोंडाने हेही जायचे?

"सगळ्यांसमोर इचार गो. नायतर माझ्या मागसून कोण खंय येतलो?"

"खंय जातास?"

आईने माझ्या तोंडावर हात दाबला, पण शब्द निघून गेले होते. मागे कुणीतरी देवाचं नाव घेतलं.

"निवतीच्या खडकांकडे," ते मोठ्याने म्हणाले, काठावरच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जावं असं.

आईचा हात अजून माझ्या तोंडावर होता. तिने तो सावकाश काढला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "कधी येतलो, ता पण इचार."

मी विचारलं.

"सकाळच्या आत. नाय इलंय तर आचऱ्याच्या होड्येंक माझ्या मागसून धाडा."

लाँच लाटांमध्ये दिसेनाशी झाली तरी कुणी घरी गेलं नाही. बाळ भुकेने रडायला लागलं. मी वाळूवरच बसून त्याला पदराखाली घेतलं, पण दूध उतरेना.