सात पायल्या हवा

ते साल दोन हजार तीनचं. मिरजेवर त्या वर्षी चैत्र आला तो राखेच्या पावलांनी. कृष्णेचं पात्र आटत आटत एका करड्या रेघेवर आलं होतं. आभाळ पितळेचं, वारा पितळेचा, आणि तंबोरे घडवणाऱ्यांच्या गल्लीत दुपारचं ऊन वितळलेल्या लाखेसारखं भिंतींवरून सावकाश ओघळत होतं.

दाऊदभाईंच्या कारखान्यात आढ्याला भोपळे टांगलेले असत. भीमेकाठचे, वाळलेले, पोकळ, पिवळेधमक भोपळे. जणू अजून जन्माला न आलेल्या तंबोऱ्यांची मस्तकं. त्यांच्या सावलीत बसून अमीनबी नवऱ्याच्या कामाला चाळीस वर्षं हात लावत आली होती. लाख तिची, पॉलिश तिचं. जवारी मात्र त्यांची.

जवारी म्हणजे तारेचा प्राण. तारेखालची घोडी कानसीने हळूहळू घासायची. घासता घासता एका क्षणी तार कळीसारखी उघडते आणि गुंजारव करू लागते. एक हात कमी पडला, तर तार मुकी. एक हात जास्त पडला, तर तार मेली. तो क्षण ओळखतो एकटा कान. म्हणून दाऊदभाई कानाला जपत, तान्ह्या लेकराला जपावं तसे. बाजारात निघताना खसाच्या अत्तरात बुडवलेल्या कापसाचे दोन फाये कानांत घट्ट दाबून घेत. जवारीच्या दिवशी घरातला पाटा-वरवंटासुद्धा गप्प असे.

अशा त्या शांत घरापुढे एके दिवशी पांढरी जीप उभी राहिली. तासगावकडच्या द्राक्षबागांचा अभय चौगुले उतरला. हातात परातीएवढा काळा स्पीकर. ग्रहणातल्या सूर्यासारखा काळा, गोल, थंड.

"चाचा, मागच्या डिक्कीत बसंल असा याचा डबा करून द्या. दुकानातले डबे नुसते ढबढब करत्यात. जीप हलत्या, पण सूर कुठाय?"

"सुतार गाठ की लेका. मी तंबोरेवाला."

"सुताराला कान असता, तर इथवर आलो असतो का?"

दाऊदभाई हसले. स्तुती मधासारखी आत उतरली. आयुष्यभर ते खर्जाच्या मागे चालले होते. खर्जाच्याही खाली, जिथे तार पोचत नाही तिथे काय असेल, हा विचार त्यांना तरुणपणापासून चावत आला होता. अमीनबीने मान हलवली, नको म्हणून. त्यांनी ती पाहिली नाही.

पहिला डबा त्यांनी तुणीच्या लाकडाचा केला, तंबोऱ्याच्या भोपळ्यावरल्या तबलीच्या फळीसारखा पातळ, सुरेल, जिवंत. स्पीकर बोलू लागताच डबाही गाऊ लागला, थरथरला, फुगला, आणि तिसऱ्या ठोक्याला कोपऱ्यातून उकलला. दाऊदभाईंनी त्या चिरेवरून अंगठा फिरवला.

"इथं लाकडानं बोलायचंच नाही," ते म्हणाले. "इथं फक्त हवेनं बोलायचं. लाकूड मुकं पाहिजे."

ज्या हातांनी जन्मभर लाकडाला वाचा दिली, ते हात आता लाकूड मुकं करू लागले. बोटभर जाड फळ्या. आत आडवे-उभे आधार. सांध्यासांध्यात सरस आणि भुसा. मुठीने ठोकलं तरी डबा ब्र काढीना. अमीनबीच्या अंगावर सर्रकन काटा आला. एवढं मुकं लाकूड तिने फक्त जनाज्याच्या वेळी पाहिलं होतं.

डब्यात हवा किती हवी, ते स्पीकरसोबतच्या कागदावर होतं. अभयने आकडे समजावले. पण दाऊदभाईंना आकड्यांतली हवा दिसेना. म्हणून अमीनबीने शाळू मापून आत ओतला. पायलीमागून पायली. दाणे त्या अंधाऱ्या पोटात सरसरत गेले, जशी माती सरसरते. सात पायल्यांना डबा भरला. सात पायल्या दाणे काढले. सात पायल्या हवा आत राहिली.

मग राहिली नळी. डब्याच्या तोंडाला बसवायची, हात-सव्वा हात लांब. तिच्यातून डब्याचा श्वास बाहेर पडणार. तिची लांबी ठरवेल तोच त्याचा सूर. दुसऱ्याने कागदावर गणित मांडलं असतं. अभयने जीप दारातच ठेवली होती; डबा मागे घालून दाऊदभाई तिच्यात जाऊन बसले. काचा वर. दारं बंद. नळी बोटभर कापायची, ऐकायचं. पुन्हा बोटभर, पुन्हा ऐकायचं.

"अवो, फाये तरी घाला कानात."

"फाये घालून सूर शोधायचा? तोंड बांधून जेवू काय मी?"

फाये खिडकीच्या फळीवर राहिले. एक दिवस. दोन दिवस. सात दिवस. खसाचा वास उडून गेला, कापूस धुळीने करडा झाला. दाऊदभाई दुपारी बाहेर यायचे ते पाण्यातून वर आल्यासारखे. डोकं झटकत, कानात करंगळी फिरवत. "गुणगुण लागलीया जरा," म्हणायचे, आणि परत आत.

सातव्या दिवशी भर दुपारी गल्लीतली कबुतरं एकदम उडाली. माठातल्या पाण्यावर वर्तुळं उमटली. वर्तुळात वर्तुळ, वर्तुळात वर्तुळ. आवाज असा आला नाही; आली ती भुई दबल्याची जाणीव. आणि मग अमीनबीने वर पाहिलं. आढ्याचे भोपळे घुमत होते. भिंतीशी टेकलेल्या तंबोऱ्यांच्या तारा, कुणी न छेडता, कुणी न शिवता, एका सुरात कण्हत होत्या. घर सारं एक घसा झालं होतं, आणि त्या घशातून कुणीतरी अनोळखी हुंकार देत होतं.

जीपचं दार उघडलं. दाऊदभाईंचा चेहरा उजळलेला.

"घावला! खर्जाच्या खाली, पुरं एक सप्तक! ऐकलंस?"

"ऐकलं," ती म्हणाली. "बास करा आता."

"काय?" ते म्हणाले.

अभय जीप घेऊन गेला, धुळीचा लोट घेऊन गेला. दुसऱ्या सकाळी कुरुंदवाडच्या वृद्ध गायिका सत्यभामाबाई नेर्लेकरांच्या तंबोऱ्याची जवारी होती. पाटा-वरवंटा गप्प. गल्ली गप्प. कानस फिरू लागली.

स्वयंपाकघरात अमीनबी ऐकत होती. तार मुकी होती, मग कुजबुजली, मग एकाएकी उघडली, सोनेरी, पूर्ण, थरथरती. आता कानस थांबणार. चाळीस वर्षं ती इथेच थांबली होती.

कानस थांबली नाही.

"उघडली, अवो! उघडली!"

कानस फिरत राहिली. अमीनबी उंबऱ्यात येऊन उभी राहिली. दाऊदभाई कान तारेशी नेऊन, डोळे मिटून, घासत होते, छेडत होते, घासत होते. आणि तार त्यांच्या गालाखाली हळूहळू मरत होती. तिने मनगट धरलं तेव्हा त्यांनी वर पाहिलं. तिच्या ओठांकडे पाहत राहिले, फक्त ओठांकडे.

सत्यभामाबाई रागावल्या नाहीत. नवी घोडी बसवून तंबोरा घेऊन गेल्या, आणि त्याच्याच साथीने गात राहून तीन वर्षांनी निवर्तल्या. अभयने जीप विकली, डबा ठेवला. द्राक्षबागेतल्या खोलीत त्याची आई त्यात शाळू भरते, अजून बरोबर सात पायल्या मावतो. दाऊदभाई पुढे नऊ वर्षं जगले. ते घासत, अमीनबी ऐके, आणि तार उघडली की त्यांच्या मनगटावर बोट ठेवी. संध्याकाळी ते तळवा भोपळ्यावर टेकून बसत, कुणाची तरी नाडी पाहावी तसे.

आता जवारी अमीनबी करते. तिच्या दोन्ही कानांत खसाचे फाये असतात. कानस हाती घेतली, की तेवढ्यापुरते निघतात. कधी गल्लीच्या टोकावरून कुणाची गाडी धडधडत जाते. माठात वर्तुळ उमटतं. आढ्याचे भोपळे घुमू लागतात. अमीनबी कानस खाली ठेवते, फाये कानांत दाबते, आणि वर बघत बसते. भोपळे घुमतात, घुमत राहतात, मग एकेक करून, सावकाश, गप्प होतात.