धाग्याची पिपेट

मध्यप्रदेश होऊन दोन वर्षं झाली होती. इंदूरच्या त्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या मुलींसाठी सहा पिपेट होत्या. पाच सारख्या. सहावीच्या गळ्याशी लाल सुती धागा बांधलेला होता. ती यशोधराची.

पिपेट म्हणजे मापाची काचेची नळी; तिच्यात द्रव तोंडाने ओढावा लागतो. एकीने वापरलेली पिपेट दुसरी नळाखाली धरते आणि ओठांना लावते. उष्ट्याचा विचार कोणी करत नाही. पण यशोधरा महारांच्या घरातली होती. वडील पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात फिटर. तिच्या पहिल्याच प्रॅक्टिकलनंतर तो धागा आला. कोणी बांधला, कोणी सांगितलं नाही. संध्याकाळी बाकीच्या पिपेट स्वच्छ व्हाव्यात म्हणून क्रोमिक ॲसिडच्या उंच बरणीत बुडवून ठेवत. तिची मात्र खिडकीजवळच्या खिळ्याला लटके.

वार्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी ती डेमॉन्स्ट्रेटर अच्युत सरांकडे गेली.

"सर, उद्या बाहेरचे परीक्षक येणार. तो धागा काढू द्या."

"अगं, तुला स्वतंत्र पिपेट मिळते. बाकीच्या आपसात भांडतात. तुझा तर फायदाच आहे!"

"मग सगळ्यांनाच धागे बांधा, सर."

सरांनी चष्मा पुसला. "देखो यशोधरा, मी हे काही मानत नाही. पण मुलींच्या घरून तक्रारी येतात. परीक्षा होऊ दे, फिर देखेंगे. उगाच गडबड केलीस तर मला तुला बसवता येणार नाही."

शिवाशीव पाळणं हा गुन्हा ठरून तीन वर्षं झाली होती. सरांनाही ते ठाऊक होतं. पण त्यांनी बाहेर काढलं असतं तर वर्ष तिचंच जाणार होतं.

संध्याकाळी तिने पिपेट धुतली, खिळ्यापर्यंत गेली आणि थांबली. मग परत येऊन ती धाग्यासकट बरणीत सोडली. सुताचं त्या ॲसिडात काय होतं, हे पहिल्याच वर्षी शिकवतात.

सकाळी पहिल्या तुकडीतल्या सहाजणी आल्या. सरांनी पिपेट काढून धुतल्या, ट्रेमध्ये मांडल्या. सहाही सारख्या, धागा कुठेच नाही. त्यांनी खिळ्याकडे पाहिलं.

"यशोधरा, तुझी कुठे आहे?"

"यातच आहे, सर. मी काल बरणीत ठेवली."

"यातली कोणती?"

"ते आता मलाही सांगता येणार नाही."

छत्रीबागेत राहणारी रमा दोन पावलं मागे सरली. "हाय राम! आईला कळलं तर मला घरात घेणार नाही."

सरांचा चेहरा लाल झाला. ते काही बोलणार तोच परीक्षक आत आले. "सुरू करा. कशासाठी थांबलात?"

सरांनी तोंड उघडलं. यशोधराला बाहेर काढायचं तर धाग्याचं सांगावं लागणार होतं. त्यांनी ट्रे मुलींपुढे सरकवला.

"रमे, पास व्हायचंय की सोवळं पाळायचंय? जल्दी ठरव," तुकडीतली इंदिरा म्हणाली. तिने एक पिपेट उचलली, नळाखाली धरली, ओठांना लावली. मग दुसरीने. मग तिसरीने. मग चौथीने. रमाने डोळे मिटून पाचवी उचलली.

ट्रेमध्ये उरलेली यशोधराने उचलली आणि तीही नळाखाली धरली.

फ्लास्कमधला फिकट गुलाबी रंग टिकला. तिने रीडिंग घेतलं. दुसऱ्यांदाही तेच आलं.

शेजारून रमा कुजबुजली, "ए यशोधरा, तुझं किती आलं गं?"

"तुझं तू काढ," यशोधरा म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्या प्रयोगशाळेत हसली.