धाकट्या जावेने धुतलेले पाय

“या पवित्र गुरुवारी उपासनेत ऑर्गन धाकटीला वाजवू द्या,” पाळकसाहेब म्हणाले, “आणि तुम्ही पुढे खुर्चीवर बसा, पाय धुवून घेणाऱ्यांत.”

थोरलीने घडी घातलेली चादर उगाच उलगडली आणि पुन्हा घडी घालायला घेतली. इस्पितळाच्या शिवणखात्यात तिची उभी हयात गेली होती, आणि चर्चच्या ऑर्गनवर तर ती त्याच्याही आधीपासून बसत होती. अलीकडे बोटांचे सांधे धरले होते, सूर निसटत होते. ते तिलाही कळत होतं. पण जागा जावी ती जावेकडे, हे घशाखाली उतरेना. जावेला वाजवायला शिकवलं ते थोरलीनेच. आणि आता लोक तिच्याच तोंडावर म्हणत, “धाकटीचा हात काय हलका आहे हो!”

“माझे पाय कोण धुणार?”

“धाकटीच. स्वतःहून म्हणाली, ताईंचे मी धुते.”

घरी आल्या आल्या तिने स्वयंपाकघरात जावेला गाठलं. “तू म्हणालीस पाळकांना?”

“हो ताई. चुकलं का माझं?”

“तुझं कधी काही चुकतं का?”

धाकटीने मान खाली घालून गॅस बारीक केला. बाहेरून थोरलीचा नवरा म्हणाला, “अगं, मान देतेय ती तुला.”

“मागितला कुणी होता?”

गुरुवारी संध्याकाळी चर्च भरलं. पाळक सांगत होते, प्रभूने अंगावरचं वस्त्र उतरवलं तेव्हा त्याने आपला मोठेपणाच बाजूला काढून ठेवला. कमरेला रुमाल बांधून तो शिष्यांच्या पायाशी बसला, ते नोकराचं काम होतं. त्यांतला पेत्र मात्र पाय धुवून घ्यायला तयार होईना. त्याला वाटलं, आपण गुरूचा मान राखतोय. पण गुरूच्या हाती स्वतःला सोपवणं, तेच त्याला जड जात होतं.

धाकटीने पदर खोचला, कमरेला टॉवेल गुंडाळला आणि घमेलं घेऊन थोरलीसमोर गुडघे टेकले.

“किती नम्र आहे बघा,” मागून कुणीतरी पुटपुटलं.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. ही खाली बसूनसुद्धा मोठी ठरते, आणि मी खुर्चीवर बसून लहान. पायाला पाणी लागलं मात्र, तिने तो झटक्यात मागे घेतला. घमेलं कलंडलं. पाणी पहिल्या बाकापर्यंत वाहत गेलं.

“ताई,” धाकटी हळूच म्हणाली, “पाणी फार गरम होतं, असं सांगते मी सगळ्यांना. चूक माझीच म्हणते.”

“गरम नव्हतं.”

तेव्हा थोरलीचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. बोटं टॉवेलवरच गीताचे सूर चाचपत होती. या हातांनी आता सगळ्यांसमोर वाजवायचं होतं. ऑर्गनवर पहिल्यांदा बसण्याआधी आपणही अशीच मांडीवर बोटं चालवून पाहिली होती, ते थोरलीला आठवलं. पण राग काही गेला नाही. तिने तळाशी उरलेल्या पाण्यात पाय ठेवला.

“धू.”

धाकटीने दोन्ही पाय धुतले, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा पुसले. थोरली तिच्या कानाशी वाकली. “तिसऱ्या कडव्याआधी घाई करू नकोस. म्हाताऱ्यांना दम लागतो.”

“किती थांबू?”

“पुढच्या बाकाचं खोकून होईपर्यंत.”

धाकटी हसली नाही. नुसती मान हलवून ऑर्गनकडे गेली.

थोरली बाकावर येऊन बसली. गीत सुरू झालं. तिसऱ्या कडव्याआधी सूर थांबले, अगदी हवे तेवढेच, आणि तिच्या काळजात पुन्हा कळ उठली. आपल्याहूनही बरं थांबली पोरगी.

सगळे गात होते. थोरलीनेही तोंड उघडलं, पण शब्द येईनात. इतकी वर्षं या गीताची चाल तिच्या बोटांत होती, शब्द मात्र इतरांनी म्हटले होते. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या नर्सने आपलं गीतपुस्तक दोघींच्या मध्ये सरकवलं आणि ओळीवर बोट ठेवलं. थोरलीने चष्मा लावला आणि सगळ्यांच्या एक शब्द मागे राहत गायला लागली.